कानस आणि एम-थ्री

मामा आयटीआयमधून फिटर ट्रेडचे शिल्पनिदेशक म्हणून निवृत्त झालेले. भाची तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गावातल्या हायस्कूलनं ‘दहावीनंतर काय?’ यावर पालकांशी बोलायला दोघांनाही बोलावलं आहे. एकाच व्यासपीठावरून दोघांनी दोन उलट गोष्टी सांगितल्या तर पालकांनी करायचं काय, ही काळजी मुख्याध्यापकांच्या आधी भाचीला लागली, म्हणून ती आदल्या रविवारी मामांकडे आली. संवाद रचलेला आहे, माणसंही रचलेलीच. त्यांच्या तोंडची वाक्यं मात्र निकालाच्या दिवसांत कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडवर ऐकू येतात. लिहिणाऱ्याचं माप कुणाच्या पारड्यात पडतं ते मध्येमध्ये दिसेल. ते लपवलेलं नाही.

भाची : मामा, आधीच सांगून ठेवते. तुम्ही उभं राहून ‘आयटीआय करा, कॉलेजात वर्षं घालवू नका’ म्हणणार असाल, तर मी तिथंच उठून विरोध करणार.

मामा : कर की. चहा घे आधी. आणि तू काय म्हणणार आहेस? सायन्स घ्या?

भाची : सायन्सच घ्या असं नाही. पण पदवीपर्यंत जा, हे नक्की. आपल्या पोरांना हे ठामपणानं सांगणारं कुणी नाही. ‘झेपत नसेल तर आयटीआय’ म्हणणारे पायलीचे पन्नास आहेत.

मामा : त्या ‘झेपत नसेल तर’वर माझा राग तुझ्यापेक्षा जास्त आहे. माझ्याकडं आलेली निम्मी पोरं बापाच्या रागातून आलेली असायची. टक्के पडले नाहीत, कुठं लागत नाही, जा मग फिटरला. पहिले दोन महिने कानस मारताना त्यांच्या तोंडावर शिक्षा भोगत असल्याची कळा. ती उतरवण्यातच माझं निम्मं वर्ष जायचं.

भाची : आणि तुमचा मुलगा? तो का नाही गेला आयटीआयला?

मामा : हा प्रश्न तू काढणार हे ठाऊकच होतं. तो तंत्रनिकेतनला गेला. डिप्लोमा केला, तिथून डायरेक्ट सेकंड इयरला गेला, इंजिनियर झाला. त्यावरून एवढंच ठरतं की माझ्या पोराच्या वेळी सगळ्या वाटा मला माहीत होत्या. गावात त्या माहीत नाहीत. मला त्याच सांगायच्या आहेत. कागद घे, हिशेब मांडू. अकरावी-बारावी दोन वर्षं, इंजिनियरिंग चार. किती झाली?

भाची : सहा.

मामा : डिप्लोमा तीन वर्षं. मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे आणखी तीन. सहाच. आता आयटीआय दोन वर्षं. तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे दोन. तिथून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, म्हणजे तीन. सात. एक वर्ष जास्त. त्या एका वर्षाच्या बदल्यात पोरगा अठराव्या वर्षी हातात ट्रेड घेऊन उभा असतो. घरी अडचण आली तर कामाला लागतो, नाही आली तर पुढं शिकतो. तुझ्या वाटेनं गेलेल्या पोराच्या घरी अडचण आली, तर त्याच्या हातात काय असतं? बारावीचं गुणपत्रक.

हा हिशेब बरोबर आहे, आणि तो पालकांना क्वचितच कुणी मांडून दाखवतं. दहावी झालेल्या आणि दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही गोष्ट आयटीआयच्या वर्गात बसलेल्या कित्येक मुलांनाही ठाऊक नसते. पण भाची गणित-भौतिकशास्त्राकडची. कागदावरचा हिशेब आणि माणसावरचा हिशेब यांत किती तफावत पडते, ते तिला रोज दिसतं.

भाची : मामा, तुमच्या या सात वर्षांच्या वाटेवर एक नाका आहे, त्याचं नाव एम-थ्री. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं गणित. बारावी करून आलेली मुलं पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू करून तिथं पोचतात. तुमचं डिप्लोमावालं पोर ते दोन्ही न करता थेट लाप्लास ट्रान्सफॉर्मसमोर उभं राहतं. वर्कशॉपमध्ये ते सगळ्यांच्या पुढं असतं, लेथ त्याला शिकवावी लागत नाही, आणि एम-थ्रीला बसतं आणि बसतच राहतं. वर्षामागून वर्षं केटी. जे आयटीआयमधून आलेलं असतं, त्यानं तर दहावीनंतर वर्कशॉप कॅल्क्युलेशनपलीकडं गणित पाहिलेलंच नसतं. वाट आहे हो, पण तिच्यावरून शेवटपर्यंत जाणारे किती?

मामा : थोडे. मान्य.

भाची : मग ती वाट सगळ्यांना दाखवताना हेही सांगणार का?

मामा : सांगीन. पण ह्यात दोष ट्रेडचा नाही. तिथं गणित पातळ करून ठेवलंय, दोष त्याचा. आम्ही फिटरच्या पोराला त्रिकोणमिती शिकवायचो ती टेपर वळवण्यापुरती. पुढं शिकणाऱ्याला जादा तास द्यावा, असं कुणाला वाटलं नाही. मलाही सुचलं नाही असं नव्हे. वेळापत्रकात जागा नव्हती. बरं, माझं झालं. आता तुझ्या नाक्याचं बोल. तुझ्या अकरावीच्या वर्गात आज किती पोरं बसतात?

इथं भाची थोडी चाचरली. विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीच्या वर्गांचं काय झालं आहे हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? प्रवेश एका महाविद्यालयात, शिकणं दुसरीकडच्या क्लासमध्ये, महाविद्यालयाचा संबंध प्रात्यक्षिकाच्या परीक्षेपुरता. ‘इंटिग्रेटेड’ हा शब्द आता खेड्यातल्या आजीलाही कळतो. २०१८ मध्ये राज्य सरकारनं हे ‘टाय-अप’ रोखण्यासाठी विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी लावायचं फर्मान काढलं. तेव्हा अंगठ्याच्या यंत्रांची चर्चा झाली, वर्ग काही भरले नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं सांगितलं की सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासेसनी घेऊ नये. त्यानंतरही ‘आठवीपासून फाउंडेशन’चे फलक खांबांवरून उतरलेले नाहीत.

भाची : बसतात थोडी. ज्यांच्याकडं क्लासची फी नाही ती.

मामा : म्हणजे ज्यांना तू पदवीपर्यंत जा म्हणतेस, तीच.

भाची : तीच. आणि त्यांना मी शिकवते, रोज शिकवते. त्यांचं दुखणं वेगळं आहे, मामा. दहावीपर्यंत मराठी माध्यम. ऐंशी गुणांचा पेपर आणि वीस गुण शाळेच्या हातातले, त्यामुळं टक्के भरपूर. अकरावीला सगळं इंग्रजीत. पोरगं हुशार असतं, पण पुस्तक उघडलं की पहिल्या वाक्यातच अडकतं. मग दिवाळीपर्यंत त्याची खात्री होते की आपल्याला फिजिक्स येत नाही. खरं तर त्याला फिजिक्स येत असतं, वाक्य येत नसतं.

मामा : ते तू दहावीच्या सुट्टीत का शिकवत नाहीस?

भाची : कारण दहावीच्या सुट्टीत ती पोरं माझी नसतात. शाळेचीही नसतात. मार्चपासून अकरावीचे प्रवेश संपेपर्यंत त्यांचं कुणीच नसतं. पैसेवाल्यांची क्लासची असतात. २०२५ पासून तर अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. आधी मुंबई-पुण्यासारख्या काही शहरांपुरतं होतं. आता आपल्या गावचं पोरगंही सायबर कॅफेत बसून पसंतीक्रम भरतं, आणि तो बहुतेक वेळा कॅफेवालाच ठरवतो.

मामा : मग त्याच कॅफेवाल्याला बोलव की सभेला! थट्टा नाही करत. पण नीटचं बोल. तुझ्या जीवशास्त्रवाल्यांचं काय?

भाची : नीटचं मी काय बोलू? सातशेवीस गुण, एकशेऐंशी प्रश्न, देशभरातून वीस लाखांवर मुलं बसतात. आपल्या तालुक्यातली चार-दोन लागतात, त्यांचे फोटो चौकात लागतात. बाकीची रिपीटर म्हणून लातूरच्या क्लासला जातात. एकदा, दोनदा. घरातली म्हैस विकून गेलेलं पोरगं परत कुठल्या तोंडानं येणार? मग बी.एस्सी.ला नाव घालून पुन्हा नीट. तिथं मी तुमच्या बाजूची आहे. पण लातूर हे पदवीच्या वाटेचं टोक आहे, पदवीची वाट नव्हे.

मामा : आणि बी.ए.? तिथं नाव घालून पोरं सकाळी सहाला ग्राउंडवर असतात. सोळाशे मीटर आणि गोळाफेक. पोलीस भरतीला बारावी पुरते. अग्निवीरला दहावी. मग बी.ए. कशाला? थांबायला. भरती निघेपर्यंत उभं राहायला जागा हवी म्हणून. आणि भरती हुकली की स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत खोली.

भाची : थांबायला जागा लागते, मामा. तिला हसू नका. अठरा वर्षांच्या गरीब पोराला थांबायला दुसरी जागा कुठली आहे? वडलांच्या शेतात? तेवढी शेती कुणाची राहिली आहे? बी.ए.च्या वर्गात त्याला वाचनालय असतं, एखादे सर असतात, शिष्यवृत्ती असते, वसतिगृह असतं. कर्मवीरांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. ‘कमवा व शिका’मधून शेतात राबून शिकलेली तिथली पोरं पुढं कुठं कुठं पोचली! ती पोरं कुठल्या ट्रेडच्या यादीत बसत होती?

मामा : कर्मवीरांनी त्यांच्या हातातली कुदळ काढून नाही घेतली ना?

भाची : नाही. पण कुदळीवर थांबवलंही नाही. आता मला काय खुपतं ते सांगते, आणि तुम्ही रागावू नका. हाताच्या कामाचं कौतुक करणारी भाषणं मी पुष्कळ ऐकली आहेत. ती करणाऱ्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हाताचं काम कुणी केलेलं नसतं. तुमच्या वडलांनी, आपल्या आबांनी, जन्मभर चामडं कमावलं, चपला शिवल्या. त्यांच्या हातात कौशल्य कमी होतं का? त्या कौशल्याला दाम मिळाला नाही, आणि मान तर नाहीच नाही. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. पुढच्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद. त्यांनी कॉलेजं काढली, मामा. कारागिरी आमच्याकडं होतीच. जे आमच्यापासून राखून ठेवलेलं होतं, ते कॉलेजात होतं. आज कुणी म्हणतं, सगळ्यांनी कॉलेजला जायची गरज नाही. तेव्हा मी बघते, त्या ‘सगळ्यांनी’मध्ये त्याची स्वतःची पोरं आहेत का.

मामा : रागावू कशाला? मी फिटरला नाव घातलं तेव्हा आबा हेच म्हणाले होते. ‘परत हातानंच?’ एवढंच बोलले. पण तुझ्या हिशेबात एक गोष्ट सुटली. बाबासाहेब १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, आणि युद्धकाळातलं तांत्रिक प्रशिक्षण मजूर खात्याकडंच होतं. त्यांनी कॉलेज आणि कार्यशाळा यांच्यात सवतीमत्सर लावला नाही. चामड्याचं काम मला जातीनं मिळालं असतं, अर्ज न करता. फिटरला अर्ज करावा लागला, गुणवत्ता यादीत नाव यावं लागलं. माझ्या शेजारच्या व्हाइसवर गावच्या पाटलांचा पोरगा उभा होता. जॉब घासून झाला की ट्रायस्क्वेअर लावून उजेडाकडं धरायचा. फट असेल तर उजेड दिसतो. त्याच्या जॉबमधून दिसला, माझ्यातून नाही. निदेशकांना माझं आडनाव माहीत होतं, पण उजेडाला माहीत नव्हतं. तोवर कुठल्या वर्गात मला असं मोजलं नव्हतं, पोरी.

भाची : कार्यशाळेत नाही दिसत आडनाव. लग्नाच्या बायोडेटात दिसतं. आणि कंपनीत? तिथं तुमचा फिटर काय असतो ते मी सांगू? वर्षभर शिकाऊ उमेदवार, विद्यावेतनावर. काम कायम कामगाराचंच. वर्ष संपलं की कंत्राटदाराच्या यादीत. सहा-सात महिने झाले की ब्रेक, मग दुसरा कंत्राटदार, दुसरी कंपनी. चाकणला एका खोलीत आठ जण राहणारी तुमचीच पोरं आहेत ना? १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा शिकवण्यासाठी केला होता. स्वस्त मजूर पुरवण्यासाठी नव्हता केला.

मामा : तो राग बरोबर आहे. पण मला सांग, त्या खोलीत तुझे बी.कॉम. झालेले नाहीत? आहेत. हेल्पर म्हणून आहेत. माझा फिटर निदान मशीनवर आहे. आणि महावितरणच्या विद्युत सहायकाची जाहिरात आली की इलेक्ट्रिशियन आणि वायरमन ट्रेडच मागतात. तिथं तुझी एम.ए. चालत नाही.

या टप्प्यावर दोघांना थांबवून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. जातीचा आक्षेप हा या साऱ्या चर्चेतला सगळ्यात वजनदार आक्षेप आहे, आणि करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांत तो कधीच ऐकू येत नाही. तिथं रंगीत तक्ते असतात, ‘आवड ओळखा’ असतं. राज्य मंडळानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. कृषी, वाणिज्य, ललितकला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा सात क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठं आहे ते अहवालात छापून यायचं. हेतू वाईट नव्हता. पण ज्या मुलानं करवत हातात धरलेली नाही, रोपवाटिका पाहिलेली नाही, प्रयोगशाळेतलं कपाट उघडलेलं पाहिलेलं नाही, त्याला त्यातलं काय आवडतं हे प्रश्नावली कशी सांगणार? त्याला जे दिसलेलं असतं, तेच आवडतं. खेड्यात दिसतात ते पोलीस आणि शिक्षक.

आणि मामांच्या बाजूनंही एक आकडा. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशाचं उच्च शिक्षणातलं ढोबळ नोंदणी प्रमाण २८.४ टक्के होतं. म्हणजे अठरा ते तेवीस वयोगटाच्या हिशेबात शंभराला जेमतेम अठ्ठावीस. आपली हायस्कुलं मात्र पहिल्या दिवसापासून त्या अठ्ठावीसांसाठीच चाललेली असतात. उरलेल्या बहात्तरांना शाळेनं काय दिलं, याचा हिशेब कुणी मागत नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाला हे दिसलं होतं. आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव. उच्च माध्यमिक टप्प्यावरची निम्मी मुलं व्यवसाय शिक्षणात असावीत, असं आयोगानं सुचवलं. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानं ते लक्ष्य १९९५ पर्यंत पंचवीस टक्के असं खाली आणलं. तेही गाठलं नाही. दहा अधिक दोनचा आकृतिबंध आपण आयोगाकडून घेतला, त्यातली कार्यशाळा तिथंच ठेवली. अकरावी-बारावीत किमान कौशल्याचे अभ्यासक्रम आले, ‘बायफोकल’ आलं. त्यातलं इलेक्ट्रॉनिक्स हुशार मुलांनी गुणांसाठी घेतलं, आणि किमान कौशल्य इतरत्र प्रवेश न मिळालेल्यांच्या वाट्याला गेलं.

भाची : मुलींचं तर तुम्ही काहीच बोलला नाहीत.

मामा : बोलायला लाज वाटते. माझ्या फिटरच्या तुकडीत मुली बोटावर मोजण्याएवढ्या. बाकी सगळ्या शिवणकामाला आणि कोपाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या ट्रेडला.

भाची : मग ऐका. मुलगी कॉलेजात आहे तोवर स्थळं थोडी थांबतात. ‘शिकतेय अजून’ एवढं वाक्य बापाला पुरतं, पाहुण्यांनाही पुरतं. दोन वर्षांचा ट्रेड केला की तीच मुलगी ‘शिक्षण झालं’ या रकान्यात जाते. मी माझ्या मुलींना पदवी घ्या म्हणते, तेव्हा त्या पदवीनं नोकरी मिळेल याची मला खात्री नसते. पण तीन-चार वर्षं मिळतील याची असते. त्या वर्षांत ती एकटीनं एसटीनं जायला शिकते, बँकेत खातं उघडते, नाही म्हणायला शिकते. हे कुठल्या अभ्यासक्रमात लिहिलेलं नाही, पण कॉलेज मुलीला हे देतं. आणि जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तर. निम्म्या बापांना हे माहीत नाही. माहीत असेल तर ते ‘मुलीला एवढी फी कुठून भरू’ म्हणणार नाहीत, दुसरं कारण शोधतील. निदान एक कारण तरी जाईल.

मामा : हे तू सभेत असंच बोल. ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

भाची : उत्तर द्यायचं नाही, मुलींना इलेक्ट्रिशियनच्या तुकडीत आणायचं आहे. ते तुम्ही बोला. माझ्या तोंडून ते शिक्षा वाटेल.

मामा : बरं. आता मी एक विचारतो. तू पाबळला गेली आहेस का? शिरूर तालुक्यात?

भाची : विज्ञान आश्रम? नाव ऐकलंय.

मामा : डॉ. कलबाग म्हणून शास्त्रज्ञ होते. अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले. १९८३ मध्ये त्या दुष्काळी गावात येऊन त्यांनी आश्रम काढला. तिथून हायस्कुलांसाठी एक अभ्यासक्रम निघाला. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस काम. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, रोपं, जनावरं, स्वयंपाक, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं. सगळी पोरं, सगळ्या पोरी. मुलगा स्वयंपाकाला, मुलगी वेल्डिंगला. गावातली कामं घ्यायची, हिशेब लिहायचा, पैसे घ्यायचे. पुढं मंडळानं तो विषय म्हणूनही मान्य केला. त्यातली पोरं इंजिनियर झाली, आयटीआयला गेली, शेतीत राहिली. पण ठरवताना त्यांनी हातात घेऊन बघितलेलं होतं.

भाची : सगळी पोरं? गावच्या डॉक्टरांची पण?

मामा : त्या शाळेत असतील ती सगळी. वार लावून.

भाची : मग मला चालेल. माझा आक्षेप कानशीला नव्हताच कधी. कानस कुणाच्या हातात द्यायची हे दहावीच्या निकालावरून, आणि खरं तर आडनावावरून ठरतं, त्याला आहे. सोळाव्या वर्षाआधी सगळ्यांना कानस द्या, सगळ्यांना लॉगरिदम द्या. मग कुणी फिटर झाला तर मी त्याच्या सत्काराला येईन. पण फिटर होणाऱ्याचं गणित बंद करायचं नाही. एवढं कबूल करा.

मामा : आणि इंजिनियर होणाऱ्याची कानस बंद करायची नाही. तू तुझ्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर किती वेळा देतेस पोरांच्या हातात?

भाची : एका प्रयोगाला. वर्षातून एकदा. आणि निम्मी जर्नल उतरवलेली.

मामा : माझी पोरं दोन वर्षं त्याच्यावर झोपायची. ०.०२ मिलिमीटरचं माप. तू दहा पोरं पाठव माझ्याकडं सुट्टीत, मी शिकवतो. बदल्यात माझ्या ओळखीच्या आयटीआयच्या पोरांना तू रविवारी गणित शिकव. डेरिव्हेटिव्हपासून. एम-थ्रीला अडकू नयेत म्हणून.

भाची : रविवारी?

मामा : आता का? कर्मवीर सांगत होतीस ना मघाशी.

भाची : शिकवीन. पण सभेचं ठरवू. मला दहावीच्या पालकांशी बोलण्यात अर्थ वाटत नाही. फार उशीर झालेला असतो. नववीच्या दिवाळीआधी घ्यायला सांगू मुख्याध्यापकांना.

मामा : दोन्ही घ्या. दहावीवाल्यांना टाकून कसं चालेल? त्यांना निदान कागदपत्रं सांगायची. मी दर वर्षी बघतो, पोराला चांगला नंबर लागलेला असतो आणि बाप तहसीलच्या दारात रडत असतो. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर, जातीचा दाखला. आणि जात वैधता, तिची तर कुणाला आठवणच नसते.

भाची : ती बारावीतच करायची, कॉलेजच्या पत्रासह समितीकडं अर्ज. मी अकरावीच्या पहिल्या महिन्यातच वर्गात सांगते. मुलं ऐकतात, घरी सांगत नाहीत.

मामा : म्हणून तर आईबाप समोर हवेत. फळ्यावर लिहू. कुठला कागद, कुठल्या कचेरीत, किती दिवस लागतात. तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे.

भाची : आणि विषय. जीवशास्त्र नको म्हणून सोडलं की नीट गेली, गणित अवघड म्हणून सोडलं की इंजिनियरिंग गेलं. दहावीच्या सुट्टीत मित्र काय घेतो ते बघून हे ठरतं. अकरावी कॉमर्स घेतलेल्याला नंतर फिजिक्सकडं येता येत नाही, उलट येता येतं. हे पहिल्यांदा सांगायचं, आवड-बिवड नंतर. सीईटीला बारावीचे गुण धरत नाहीत म्हणून बारावी सोडून देतात, आणि मग तीन विषयांत पंचेचाळीस टक्के नाहीत म्हणून चांगला पर्सेंटाइल असून प्रवेश अडतो. तेही सांगायचं.

मामा : माझी पंधरा मिनिटं ठेव.

भाची : वीस घ्या. पण सात वर्षांचा हिशेब मांडाल तेव्हा एम-थ्रीचं सांगायचं.

मामा : सांगतो. आणि तू लातूरचं सांगायचं, फोटोतल्या चौघांचं नव्हे, बाकीच्यांचं. सभा किती वाजता ठेवली आहे?

भाची : सकाळी अकराला.

मामा : अकराला कोण येणार? रोजगाराला गेलेल्या बाया येणार? मास्तर, ग्रामसेवक आणि आपण दोघं. संध्याकाळी ठेवायला सांग. साडेसातला, डेअरीला दूध घालून झालं की.

भाची : साडेसातला मुलींच्या आया स्वयंपाकात असतात.

मामा : मग आठला. आणि निरोपात लिही, आईनं यायचं म्हणून. नाहीतर फक्त बाप येतात.